सात सेकंदांची क्लिप वापरली तर चालते का? कॉपीराईटचा खरा नियम समजून घ्या

‘सात सेकंदांपेक्षा छोटी क्लिप असेल तर कॉपीराईट लागत नाही’ हे तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेलच. माझ्या एका मित्राने याच भरवशावर एका चित्रपटाच्या पंधरा-वीस छोट्या क्लिप्स जोडून व्हिडीओ अपलोड केला. खाली ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ अशी ओळही टाकली. दोन दिवसांत स्ट्राईक आला! ९० दिवसांत असे तीन स्ट्राईक झाले तर यूट्यूब चॅनल बंद करू शकतं, त्यामुळे बिचाऱ्याची झोपच उडाली.

तर मित्रांनो, सेकंदांचा असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही. आणि मालकाचं नाव लिहिलं म्हणजे त्याची परवानगी मिळाली असंही होत नाही.

मग परवानगी न घेता काय वापरता येतं? याचं उत्तर कॉपीराईट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे. यूट्यूबवर सगळे ‘फेअर यूज’ म्हणतात, पण तो अमेरिकेतला शब्द. आपल्याकडे ‘फेअर डीलिंग’ आहे आणि त्याची कारणं कायद्यातच ठरवून दिलेली आहेत: स्वतःचा खाजगी वापर किंवा संशोधन, टीका किंवा समीक्षा आणि चालू घडामोडींचं वार्तांकन. अभ्यासासाठी पुस्तकातली पानं उतरवून घेतली तर ठीक, तीच पानं टेलिग्राम चॅनलवर टाकली तर तो खाजगी वापर उरत नाही.

समीक्षेचं थोडं नीट बघू, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. समजा, तुम्ही एक सीन दाखवला, थांबवला आणि कॅमेरा कुठे चुकलाय ते सांगितलं. ही समीक्षा झाली. पण अख्खी गोष्ट क्लिप्ससकट सांगून टाकली आणि शेवटी ‘मस्त पिक्चर आहे’ म्हणालात, तर लोक मूळ चित्रपट कशाला बघतील? कोर्टही साधारण हेच बघतं. १९९६ साली केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकावर टीका करणाऱ्या दुसऱ्या नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी तपासल्या: किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि मूळ नाटकाशी त्याची स्पर्धा होईल का.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये केस केली होती. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या प्रकरणांच्या प्रती काढणं शिकवण्याच्या कामात बसू शकतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं. पुढे प्रकाशकांनी केसच मागे घेतली.

चौकातल्या पुतळ्याचा फोटो? तो कायमचा सार्वजनिक जागी असेल तर बिनधास्त काढा, पोस्टही करा.

काही गोष्टींचा कॉपीराईट तर संपलेलाच असतो. भारतात पुस्तकावर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे ‘श्यामची आई’ हे पुस्तक २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, त्याचं ऑडिओबुक तुम्ही स्वतःच्या आवाजात करू शकता. (दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग मात्र उचलायचं नाही, त्याचा हक्क वेगळा!) पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांसाठी २०६० संपेपर्यंत थांबावं लागेल.

आणि हो, इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतलं गाणं लावून केलेलं रील तसंच यूट्यूबवर टाकू नका. ती परवानगी इन्स्टाग्रामपुरतीच असते.

व्हिडीओवर काही आलंच तर आधी तो ‘क्लेम’ आहे की ‘स्ट्राईक’ ते बघा. कंटेंट आयडीच्या क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे मालकाकडे जातात, पण चॅनलला स्ट्राईक बसत नाही. तुमचा वापर खरंच समीक्षेचा असेल तर डिस्प्यूट करा, समोरच्याकडे उत्तरासाठी ३० दिवस असतात. माझ्या मित्राने मात्र तो व्हिडीओ परत टाकलाच नाही. आता तो क्लिप थांबवून बोलतो.