बंपरच्या मागचे लोखंड

मोटारीचा बंपर बदलणे म्हणजे जुना उतरवून नवा चढवणे, अशीच बहुतेक गाडीमालकांची समजूत असते. आणि उतरवण्यापुरते पाहिले तर ते काम खरोखरच अल्पावधीत उरकते. पुण्यातील एका डेंटिंग-पेंटिंगच्या कारखान्यात मिस्त्रींनी माझ्या गाडीच्या बॉनेटखालच्या क्लिपा काढल्या, चाकांच्या कमानीतले स्क्रू सोडवले, फॉगलॅम्पची वायर अलग केली, आणि दोन्ही टोके बाहेरच्या अंगास ओढताच ते प्लास्टिकचे अखंड आवरण त्यांच्या हाती आले. "साहेब, आधी आतलं बघून घ्या, रंगाचं नंतर बोलू," असे म्हणून त्यांनी आत बॅटरीचा प्रकाश धरला.

मोठा धक्का सोसण्याचा भार वस्तुतः या आवरणावर नसून त्यामागे आडव्या बसवलेल्या पोलादी तुळईवर असतो. आणि बाहेरून केवळ एक चीर दिसत असताना माझ्या गाडीची ती तुळई एका बाजूने दबून एसीच्या कंडेन्सरला टेकू पाहत होती. ती ठोकून सरळ करण्यास मिस्त्रींनी साफ नकार दिला, व तो मला सर्वथा उचित वाटला. विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमक्ष हा तपशील कागदावर येईपर्यंत काम तहकूब राहिले. प्लास्टिकच्या भागांवर विम्यात सामान्यतः ५० टक्के घसारा कापला जातो. शून्य घसाऱ्याची जोड पॉलिसीस असेल तर ही कपात टळते.

खरी कसोटी पुढे, रंगाची. बंपरच्या पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकवर रंग सहजी धरत नाही. म्हणून वॉटर पेपरने घासून, तेलकटपणा पुसून, रंगास धरून ठेवणारा पारदर्शक थर, प्रायमर, बेस कोट आणि शेवटी लॅकर हा क्रम पाळावाच लागतो, अन्यथा पुढे पापुद्रे सुटतात. शिवाय गाडीच्या रंगाच्या कोडाबरहुकूम मिसळलेला रंगही जुळेलच असे नाही, कारण मूळ रंग उन्हाने उतरलेला असतो आणि चंदेरी रंगातील धातुकण गनच्या दाबाप्रमाणे व अंतराप्रमाणे निरनिराळे बसतात. पेंटरने पत्र्याच्या तुकड्यावर फवारा मारला, लॅकर दिले, तुकडा उन्हात फेंडरशी धरला; समोरून जुळणारी छटा तिरप्या नजरेस काळसर दिसली, तेव्हा मिश्रण किंचित बदलून त्याने पुन्हा तुकडा रंगवला, पुन्हा उन्हात नेला, आणि मनासारखी छटा येईपर्यंत बंपरला हात लावला नाही. मजुरीत घासाघीस करणाऱ्यांनी हे एकदा उभे राहून पाहावे.

वाचकांस माझी विनंती एवढीच, की बंपर उतरल्यावर आतली तुळई स्वतः पाहा, तिची छायाचित्रे घ्या आणि सर्व्हेअरच्या अहवालात नोंद करवून घ्या. नवा बंपर चढून गाडी ताब्यात आल्यावर ही शहानिशा सहसा कोणी करून देत नाही.