ओट्यामागचा जोड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या खोलीतल्या ताईंनी हाक मारली, "भाऊ, जरा येऊन बघता का? जळका वास येतोय, पण कुठून ते कळत नाही." गॅस बंद होता. ओट्यावर इंडक्शनच्या शेगडीवर वरण शिजत होते. आधी मेन बंद केला, मग बॅटरीच्या उजेडात मांडणी पुढे ओढली. मागे वायरचा एक जोड होता. त्यावरची टेप वितळून भिंतीला चिकटली होती आणि तेवढीच भिंत पिवळी पडली होती.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. खोलीतला बोर्ड दाराशी. ओट्याजवळ प्लग हवा म्हणून घरातल्याच मुलाने जयंतीच्या रोषणाईतून उरलेली वायर मूळ वायरला पीळ घालून जोडली आणि वर टेप गुंडाळली. चार महिने मिक्सर बिनतक्रार चालला. इंडक्शन आले आणि पंधरा दिवसांत हा प्रकार.

मुलाची हौस वाईट नव्हती. पण रोषणाईची वायर बारीक, ती दिव्यांच्या माळेसाठी असते. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. ५०० वॅटचा मिक्सर दोन अँपिअरच्या आसपास करंट घेतो, २००० वॅटचे इंडक्शन जवळजवळ नऊ. करंट चौपट झाला की जोडातली उष्णता सोळापट होते. सैल पडलेल्या जोडात अर्धा ओहम अडथळा असला, तरी नऊ अँपिअरला तिथे चाळीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातले सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढेच तापते. ते टेपखाली, लाकडी मांडणीमागे, तासन्‌तास ठेवल्यासारखे झाले.

ताईंचा पहिला प्रश्न होता, "मग एमसीबी का पडली नाही?" ती पडणारच नव्हती. एमसीबी फक्त करंट जास्त झाला की पडते. इथे करंट इंडक्शनला लागतो तेवढाच होता, तापत होता तो सांधा. जुन्या किटकॅट फ्यूजलाही हे कळत नाही. त्यातून कुणी फ्यूजमध्ये जाड तार घातली असेल, तर बोलायलाच नको.

म्हणून जोड नसलेलाच बरा. ओट्याशी जड उपकरण चालवायचे असेल, तर मेनपासून ओट्यापर्यंत अडीच एमएमची, आयएसआय मार्क असलेली तांब्याची अखंड वायर आणावी. टोकाला १६ अँपिअरचा सॉकेट आणि या लाइनला स्वतंत्र एमसीबी. दिवे-पंख्याच्या दीड एमएमच्या लाइनवरून इंडक्शन किंवा गिझर ओढू नये. हे काम परवाना असलेल्या वायरमनचे. वस्तीतली किती मुले आयटीआयमधून वायरमनचे काम शिकून आली आहेत, त्यांना बोलवा आणि पूर्ण मजुरी द्या. घरचाच मुलगा म्हणून फुकटात राबवू नका.

नाइलाजाने जोड द्यावाच लागला, तर तो कसा असावा हे गृहिणीलाही माहीत हवे, म्हणजे काम करणाऱ्याला विचारता येते. आधी मेन बंद. चाळीत मीटर जिन्याखाली असतात आणि दिवे गेले म्हणून दुसराच कुणी येऊन मेन चालू करतो. तेव्हा किटकॅट काढून खिशात ठेवावा किंवा तिथे माणूस उभा करावा. मग टेस्टरने तपासावे, आणि तो टेस्टर चालतो की नाही हे आधी चालू प्लगवर बघून घ्यावे. दोन्ही वायरी एकाच धातूच्या आणि एकाच जाडीच्या हव्यात. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असते, तिला तांब्याची पिळून जोडली की सांधा खराब झालाच म्हणून समजा. नुसता पीळ नको, स्क्रूचा कनेक्टर वापरावा. तांब्याची एकही तार बाहेर दिसता कामा नये आणि प्रत्येक वायर ओढून बघावी. हे सगळे झाकणाच्या डबीत, हात पोचेल अशा जागी. प्लास्टरखाली किंवा मांडणीमागे अजिबात नको. फोडणीच्या वाफेने आणि तेलकटपणाने टेपचा गोंद सुटतो, हे रोज भिंत पुसणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

लाल आणि काळ्या वायरीबरोबर हिरवीही जोडली पाहिजे. ती अर्थिंगची. "चालतंय की तिच्याशिवाय," असे म्हणून प्लगची तिसरी पिन मोडणारे मी पाहिले आहेत. चालते, हे खरे. पण मिक्सरच्या मोटारीतून किंवा फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली, तर ओल्या लादीवर अनवाणी उभी असलेली बाईच तिची वाट बनते. वायरिंग करणारा पुरुष संध्याकाळी त्या ओट्याशी उभा नसतो. हिरवी वायर नळाला, गॅसच्या पाइपला किंवा काळ्या वायरला बांधू नये. मेनजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. शॉक लागताच ती क्षणात वीज तोडते. एमसीबी हे काम करत नाही. महिन्यातून एकदा तिचे टेस्टचे बटण दाबून बघावे.

प्लग मोरीच्या नळापासून लांब हवा, शेगडीच्या वर नको आणि सिलिंडरजवळ खाली तर नकोच. आपला गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत साचतो. वास आला तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

एक्स्टेन्शन बोर्डावर मोबाइल चार्ज करा, इंडक्शन नको. त्याची वायर गुंडाळलेली ठेवून जड उपकरण चालवू नका, वेटोळ्यात ती तापते. स्वयंपाक झाल्यावर बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. तो चांगलाच गरम लागला, बोर्ड तपकिरी झाला किंवा इंडक्शन लावताच दिवा मिणमिणला, तर त्याच दिवशी वायरमनला सांगा.

आणि कुणाला शॉक लागलाच, तर त्या माणसाला हात लावू नका. मेन बंद करा. ते जमले नाही, तर कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या.

ताईंच्या खोलीत पुढच्या रविवारी नवी लाइन आली. भाड्याची खोली म्हणून घरमालक खर्चाला तयार नव्हता. भिशीचे पैसे त्यात गेले.