आपत्ती एक, धनी अनेक

जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात यमुनेचे पाणी चढू लागले, तेव्हा राजधानीतील राजकारण आयटीओजवळच्या बॅरेजच्या पाच दरवाजांभोवती फिरत होते. बत्तीसपैकी हे पाच दरवाजे गाळात रुतून बसले होते आणि काही केल्या उघडत नव्हते. बॅरेज दिल्लीच्या ऐन मध्यावर, त्याच्या देखभालीची जबाबदारी हरियाणाच्या पाटबंधारे खात्याकडे, शहरातील पूरनियंत्रण दिल्ली सरकारच्या विभागाकडे आणि पाण्याच्या पातळीचे भाकीत केंद्रीय जल आयोगाकडे. शेवटी लष्कराचे अभियंते आणि नौदलाचे पाणबुडे बोलवावे लागले. तोवर, १३ जुलैला, जुन्या लोखंडी पुलाजवळ नदीने २०८.६६ मीटरची पातळी गाठून १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक केव्हाच मागे टाकला होता. वजिराबाद, चंद्रावल आणि ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली. चहूकडे पाणी आणि नळ कोरडे, असा अनुभव दिल्लीकरांनी घेतला.

आदल्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांना पत्र लिहून हथनीकुंड येथून सोडले जाणारे पाणी मर्यादित ठेवण्याची विनंती केली होती. हथनीकुंड हे बॅरेज आहे, धरण नव्हे, तेथे पाणी अडवून ठेवता येत नाही, असे हरियाणाचे उत्तर होते. अलमट्टीच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात रंगणारा वाद ज्यांनी ऐकला आहे, त्या सांगली-कोल्हापूरकरांना या संवादात नवे काही वाटले नसेल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पत्र गेले ते गृहमंत्र्यांकडे. आपत्तीतील समन्वयासाठी ज्या संस्थेची निर्मिती संसदेने केली, ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण या साऱ्या राजकीय गदारोळात कुणाच्या खिजगणतीतही नव्हते.

या संस्थेच्या वंशावळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली. शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. मदतकार्य आणि पाठोपाठ जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेले पुनर्वसन यांतून राज्याच्या प्रशासनाला जो अनुभव मिळाला, तो त्या काळी दिल्लीकडे नव्हता. दिल्लीत आपत्ती म्हणजे दुष्काळ, आणि म्हणून तिचे खाते कृषी मंत्रालयात, अशी जुनी वाट होती. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरले, तेव्हा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी आपल्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय समिती नेमली आणि विरोधी पक्षात असलेल्या पवारांना तिचे उपाध्यक्ष केले. पुढच्या वर्षी हा विषय कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे गेला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मनमोहन सिंग सरकारने कायद्याची घाई केली आणि २३ डिसेंबर २००५ ला आपत्ती व्यवस्थापन कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली.

पंतप्रधान हे या प्राधिकरणाचे पदसिद्ध अध्यक्ष. कोणतेही मंत्रालय पंतप्रधानांच्या संस्थेला नाही म्हणणार नाही, हा त्यामागचा हिशेब. पण त्याच कायद्याने गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कार्यकारी समितीही निर्माण केली. विचार प्राधिकरणाने करायचा, अंमलबजावणी समितीने पाहायची, अशी ही वाटणी होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचेही तसेच. कायद्याच्या ४५ व्या कलमानुसार दलाची सर्वसाधारण देखरेख आणि दिशादर्शन प्राधिकरणाकडे आहे, मात्र महासंचालकांची नेमणूक केंद्र सरकार करते आणि जवान येतात ते गृह मंत्रालयाच्याच निमलष्करी दलांतून. आज या दलाच्या सोळा तुकड्या आहेत, त्यांपैकी एक पुण्याजवळ तर एक गाझियाबादला. चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकू लागले की कॅबिनेट सचिवांची संकट व्यवस्थापन समिती बसते, हवामान खात्याचे अधिकारी आणि संबंधित राज्याचे मुख्य सचिव दूरचित्रसंवादाने जोडले जातात, आणि दलाची पथके वादळाआधीच पोहोचतात. ही साखळी उत्तम चालते, हे मान्य केले पाहिजे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे दगावली; २०१३ च्या फायलिनमध्ये लाखोंना आधीच हलविल्यामुळे मृतांची संख्या काही डझनांवर थांबली.

मात्र या यशात प्राधिकरणाचा हात किती, हा प्रश्न महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षी, २०१३ मध्ये, आपल्या अहवालातून उपस्थित केला होता. गाभ्याच्या बहुतेक कामांत प्राधिकरण निष्प्रभ ठरले, असा त्याचा आशय. राष्ट्रीय योजना कायद्यानंतर दहा वर्षे उलटल्यावर २०१६ मध्ये आली. २०१४ च्या सत्तांतरानंतर सदस्यांनी राजीनामे दिले आणि उपाध्यक्षाची खुर्ची दीर्घकाळ रिकामी राहिली. अध्यक्ष पंतप्रधान आणि उपाध्यक्ष नाही, अशा संस्थेची दैनंदिन सूत्रे कुठे जातात हे राजधानीतील अधिकाऱ्यांना सांगायला नको.

ती कुठे गेली, हे २४ मार्च २०२० ला साऱ्या देशाने पाहिले. टाळेबंदीचा निर्देश प्राधिकरणाने काढला, तपशीलवार आदेश त्याच दिवशी गृहसचिवांनी कार्यकारी समितीचे अध्यक्ष म्हणून काढला. चारच दिवसांत आनंद विहारच्या बसस्थानकावर गावी निघालेल्या हजारो मजुरांची गर्दी उसळली. पलीकडे उत्तर प्रदेशाची हद्द, अलीकडे दिल्ली सरकार, आणि माणसे मध्ये. २९ मार्चला राज्यांना सीमा बंद करण्याचे आदेश गेले. कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवून दिल्लीच्या दोन ज्येष्ठ अधिकाऱ्यांना केंद्राने निलंबित केले. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद या कायद्यात आहे. दोन सरकारांचे आदेश विसंगत असतील तर अधिकाऱ्याने कोणाचे ऐकावे, याची तरतूद मात्र शोधावी लागते.

एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने संकट व्यवस्थापन समितीला आणि मदतनिधीचे निर्णय घेणाऱ्या उच्चस्तरीय समितीला वैधानिक दर्जा दिला. प्राधिकरणाकडे राष्ट्रीय योजना तयार करण्याचे काम आले, पैसा आणि प्रत्यक्ष प्रतिसाद जिथे होते तिथेच राहिले. महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करण्याची मुभा राज्यांना मिळाली, त्यामुळे पुणे-नागपूरला ते होऊ शकते. दिल्ली आणि चंडीगड यांना त्यातून वगळले आहे. दिल्लीचे प्राधिकरण नायब राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली पूर्वीपासून आहे, मुख्यमंत्री त्याचे उपाध्यक्ष असतात. पण त्याची सत्ता सिंघू, गाझीपूर आणि बदरपूर येथे संपते. धुरासाठी हद्दी ओलांडणारा वायू गुणवत्ता आयोग २०२१ च्या कायद्याने आला आणि त्याचे आदेश दिल्लीला आणि लगतच्या चार राज्यांना बांधील आहेत. यमुनेसाठी नदी मंडळ आहे, तेही पाणीवाटपापुरते. पुराचे आणि भूकंपाचे असे नाही.

भूकंपाच्या नकाशावर दिल्लीची गणना चौथ्या क्षेत्रात होत आली आहे. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बसलेला धक्का चार रिश्टरचाच होता, पण केंद्र धौला कुवाजवळ होते. करोलबागेतील दाटीवाटीच्या इमारतींत खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यावसायिक मंडळी वरच्या मजल्यावर राहतात आणि खाली भट्टी चालवतात. दिल्लीत शासकीय नोकरी करणारे अनेक मराठी कर्मचारी नोएडा, गाझियाबाद, फरिदाबादला घरी जातात. दोघांच्याही आपत्तीच्या योजना वेगवेगळ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या कपाटात आहेत.

१ ऑगस्ट २०२५ ला 'सुरक्षा चक्र' या सरावात दिल्लीचे अकरा, हरियाणाचे पाच आणि उत्तर प्रदेशाचे दोन असे अठरा जिल्हे प्रथमच एकत्र उतरले. लष्कराची पश्चिम कमान आणि राष्ट्रीय प्राधिकरण यांनी मिळून त्याचा घाट घातला होता. भूकंप काल्पनिक होता, सायरन खरे होते. महिना सरला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात यमुना पुन्हा २०७ मीटरच्या वर गेली, जुना लोखंडी पूल वाहतुकीला बंद झाला आणि खादरमधील कुटुंबे मयूर विहारच्या रस्त्याकडेच्या तंबूंत आली. हथनीकुंडचे पाणी दिल्लीत पोहोचायला एरवी दोन-तीन दिवस लागतात. तेवढी मुदत यावेळीही मिळाली होती.