एक जोडणी, अनेक संगणक

भारत संचार निगमने जानेवारी २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा घरात संगणक असलाच, तर बहुधा एकच असे. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमपर्यंत आणि तेथून संगणकापर्यंत, एवढाच इंटरनेटचा घरातील प्रवास होता. आज अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर शहरातील सावेडीसारख्या उपनगरात एकाच सदनिकेत टेबलावरील संगणक, लॅपटॉप आणि सर्वांचे मोबाइल एकाच वेळी चालू असतात. जोडणी मात्र एकच. ती सर्वांना कशी पुरते?

हे काम राउटर करतो. तो घरातील प्रत्येक यंत्राला एक खासगी पत्ता देतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. कोणत्या यंत्राने काय मागवले, याची नोंद ठेवून आलेली माहिती तो त्याच यंत्राकडे धाडतो. जुन्या वाड्याच्या देवडीवरील माणूस टपाल घेऊन ज्याचे त्याला पोहोचवी, तसाच हा प्रकार. बाहेरच्या जगाला मात्र वाड्याचा एकच पत्ता दिसतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

राउटरमुळे वेग वाढत नाही. असलेला वेग वाटला जातो. एका जागी राहणारा संगणक तारेने जोडणे उत्तम. अशी नेटवर्कची तार १०० मीटरपर्यंत चालते आणि तीवर भिंतींचा परिणाम होत नाही. लॅपटॉप व मोबाइलसाठी बिनतारी जोडणी सोयीची. तिच्यातील २.४ गिगाहर्ट्झचे तरंग दूरवर व भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात, तर ५ गिगाहर्ट्झचे तरंग वेगवान, पण लवकर क्षीण होतात. दगडी किंवा जाड मातीच्या भिंतींच्या घरात राउटर कोपऱ्यात वा कपाटात न ठेवता मध्यभागी, उंचावर ठेवावा. तरीही दूरच्या खोलीत तरंग पोहोचत नसतील, तर तेथवर तार नेऊन दुसरे बिनतारी यंत्र बसवावे.

तरंग भिंतीपलीकडे जातात, तसे ते शेजाऱ्याकडे आणि रस्त्यावरही जातात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल पाठवण्यात आला. माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरी पोहोचले. तेथील बिनतारी जोडणीला कुलूपच नव्हते आणि तिचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. पत्ता घराचा, म्हणून चौकशीला सामोरे जावे लागले ते तेथील रहिवाशाला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सेवा कंपन्यांना सूचना दिल्या.

उपाय सोपे आहेत. राउटरसोबत आलेला व्यवस्थापकाचा पासवर्ड प्रथम बदलावा. डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा पद्धत निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत सहज फोडता येते, म्हणून ती टाळावी. बिनतारी जोडणीचा पासवर्ड लांब असावा. त्यात मुलांची नावे, जन्मतारीख वा दूरध्वनी क्रमांक नसावा. पाहुण्यांसाठी स्वतंत्र जोडणीची सोय राउटरमध्ये असल्यास तीच वापरावी. दाराला कुलूप लावून बाहेर पडणाऱ्या गृहस्थाने हे अदृश्य दारही लावले आहे ना, एवढे पाहावे.