अॅप लगेच चालतं, मग कॉटलिनचं कमांड-लाइन टूल का अडतं?

अँड्रॉइडची बरीच अॅप्स आज कॉटलिनमध्ये लिहिली जातात. त्याच कॉटलिनमध्ये मी फोटोंना तारखेप्रमाणे नावं देणारं छोटं कमांड-लाइन टूल लिहिलंय. अॅप मित्राला पाठवलं की इन्स्टॉल होऊन चालू. टूल मात्र त्याच्या लॅपटॉपवर ‘जावा नाही’ म्हणून अडतं. असं का?

कॉटलिनचा कोड कंपाइल झाला की सहसा बाइटकोड तयार होतो. तो प्रोसेसरला थेट कळत नाही, मध्ये रनटाइम लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये एआरटी हा रनटाइम आधीपासूनच असतो. लॅपटॉपवर जेव्हीएम आपणच टाकायचं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे फॅट जार, म्हणजे लायब्ररींसकट सगळा बाइटकोड एकाच फाइलमध्ये. जार ही खरं तर झिप फाइलच असते. एक्स्टेन्शन बदलून झिप करा, फोनच्या फाइल मॅनेजरमध्येही उघडेल. पण आत जावा नसतं! आणि मित्राकडे जावा असलं तरी जुनं असेल तर पुन्हा एरर. जावा 17 साठी बनवलेल्या क्लास फाइलवर 61 हा व्हर्जन नंबर असतो आणि जावा 8 फक्त 52 पर्यंतचे नंबर ओळखतं. म्हणून मी टार्गेट 8 च ठेवतो. अर्थात, वापरलेल्या लायब्ररींनाही जावा 8 चालायला हवं.

जावा 9 पासून जेलिंक आलंय. ते लागतील तेवढेच भाग घेऊन छोटा रनटाइम बनवतं आणि तो टूलसोबत देता येतो. तरी साधारण 40 एमबी होतातच. प्लेटभर पोह्यांसाठी अख्खा सिलिंडर उचलून नेल्यासारखं वाटतं मला.

मला आवडतो तो ग्रालव्हीएमचा नेटिव्ह इमेज. तो आधीच मशीन कोड बनवून ठेवतो, त्यामुळे जावा लागत नाही आणि टूल एंटर दाबताच सुरू होतं. किंमतही आहेच. बिल्डला वेळ आणि रॅम भरपूर लागते, रिफ्लेक्शन कुठे वापरलंय ते आधी सांगावं लागतं, आणि विंडोज, मॅक, लिनक्ससाठी तिथे तिथे वेगळं बिल्ड करावं लागतं.

बरं, फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांचं काय? लिनक्ससाठी नेहमीसारखं बनवलेलं नेटिव्ह बिल्ड तिथे सरळ चालत नाही, कारण अँड्रॉइडची सी लायब्ररी वेगळी आहे. जार मात्र चालते, टर्मक्समध्ये ओपनजेडीकेचं पॅकेज टाकलं की झालं. म्हणून मी नेटिव्ह फाइल्ससोबत जारही देतो. फोटोंपर्यंत पोचायला टर्मक्सला आधी स्टोरेजची परवानगी तेवढी द्या.