सलग भोंगा, वर-खाली भोंगा

१९७१ च्या डिसेंबरात मी सात वर्षांची होते. लालबागच्या आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवलेले. भोंगा वर-खाली होत रडायला लागला की दिवे घालवून जिन्याखाली बसायचं, आणि तो एकाच पट्टीत सलग वाजला की उठायचं. धोका टळला. गिरण्यांचे भोंगे आम्हाला रोजचेच होते, पण हे दोन आवाज कानात कायमचे बसले.

लेकीकडे ओक्लाहोमा सिटीला गेले, तिथल्या पहिल्याच शनिवारी दुपारी बारा वाजता भोंगा झाला. सलग. पन्नास वर्षांपूर्वीच्या सवयीनं मी सुटकेचा श्वास टाकला. लेक म्हणाली, “आई, ही दर शनिवारची चाचणी आहे. पण खरंच टोर्नेडो आला ना, तर हाच आवाज. असा सलग वाजला की घरात शिरायचं, खिडकीपाशी थांबायचं नाही.”

त्या दिवसापासून मी अमेरिकी गावांतल्या भोंग्यांच्या मागे लागले.

मराठीत आपण गिरणीच्या सायरनलाही भोंगा म्हणतो आणि खांबावरच्या लाउडस्पीकरलाही. यंत्र म्हणून मात्र ही दोन वेगळी कुळं आहेत. जुन्या, यांत्रिक भोंग्यात पडदा नाही, चुंबक नाही. मोटरवर फिरणारं एक चक्र, त्याच्याभोवती स्थिर पिंजरा, दोघांनाही खिडक्या. चक्र हवा बाहेर ढकलतं, खिडकीसमोर खिडकी आली की ती सुटते, भिंत आली की अडते. हवेचे हे तुकडे म्हणजेच आवाज. १८१९ मध्ये शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं असं उपकरण केलं. ते पाण्याखालीही वाजायचं, म्हणून त्यानं त्याला ग्रीक पुराणातल्या गाणाऱ्या सायरनांचं नाव दिलं.

याचं गणित सोपं आहे. मोटर सेकंदाला पन्नास फेरे घेते आणि चक्राला दहा खिडक्या आहेत, तर सेकंदाला पाचशे कंपनं. त्याच दांड्यावर बारा खिडक्यांचं दुसरं चक्र बसवलं तर सहाशे. पुष्कळ अमेरिकी भोंग्यांत अशी दहा-बाराची जोडी असते, आणि पाचास सहा हे प्रमाण म्हणजे आपला सा आणि कोमल गंधार. मोटर सुरू होताना दोन्ही स्वर खालून मींड घेत एकत्र चढतात, बंद होताना एकत्र उतरतात. मधलं अंतर कधी बिघडत नाही, कारण ते खिडक्यांच्या संख्येत कोरलेलं आहे. शनिवारी अंगणात उभी राहून मी ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. भीतीच्या यंत्रात कोमल गंधार असावा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

मॉडेलांतला खरा फरक पोचण्याचा. शीतयुद्धात अणुहल्ल्याच्या धास्तीनं क्रायस्लरनं १९५२ मध्ये एक राक्षसी भोंगा काढला. त्याला १८० अश्वशक्तीचं व्ही-८ पेट्रोल इंजिन होतं आणि शंभर फुटांवर आवाज १३८ डेसिबल. त्याच साली फेडरल सिग्नल कंपनीचा थंडरबोल्ट आला. त्याची युक्ती निराळी. हवा ढकलायचं काम चक्राकडून काढून घेऊन वेगळ्या ब्लोअरकडे दिलं, तिथून नळीनं दाबाखालची हवा वर आणली. वर एक मोठा कर्णा, हळूहळू गोल फिरणारा. सगळा आवाज एका दिशेला एकवटायचा आणि ती दिशा गावभर फिरवायची. घरात बसलेल्याला तो जवळ येतो, लांब जातो असं वाटतं. चहूकडे सारखा वाजणारा छत्रीसारखा भोंगा स्वस्त आणि साधा, पण त्याची ताकद वाटली जाते.

हे डेसिबल वरवर किरकोळ दिसतात. अमेरिकी सरकारच्या नियोजनात ढोबळ नियम असा, की अंतर दुप्पट झालं की दहा डेसिबल घटतात, आणि भोंग्याचा पल्ला सत्तर डेसिबलपर्यंत धरायचा. शंभर फुटांवर १२८ डेसिबलचा भोंगा या हिशेबानं सुमारे पावणेदोन किलोमीटर पोचतो. ११८ चा साडेआठशे मीटरच्या आसपास. दहा डेसिबल कमी म्हणजे अर्धा पल्ला, आणि पल्ला अर्धा झाला की क्षेत्र चतकोर. तेवढ्याच गावाला चौपट खांब लागणार. नगरपालिका स्वस्त मॉडेल घेते तेव्हा बचत कुठे होते आणि कुठे नाही, ते या आकड्यांत दिसतं.

दुसरा प्रश्न विजेचा. टोर्नेडो येतो तेव्हा तारा आधी तुटतात, आणि थंडरबोल्टच्या पिढीतले बहुतेक भोंगे थेट विजेच्या लाइनवर चालायचे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या फेडरल सिग्नलच्या २००१ मालिकेनं ४८ व्होल्टची मोटर घेतली. खांबाच्या पेटीत चार बॅटऱ्या, लाइन फक्त त्या चार्ज करायला. माझ्या लेखी भोंग्यांच्या इतिहासातली सर्वांत शहाणी सुधारणा हीच.

दुसरं कूळ इलेक्ट्रॉनिक. व्हेलनसारख्या कंपन्यांचे हे भोंगे म्हणजे एकावर एक रचलेले लाउडस्पीकरचे डबे. उतरंड करण्यामागे कारण आहे: आवाज आकाशात वाया न जाता आडवा पसरतो. हे हवा तो सूर काढतात, ध्वनिमुद्रित सूचना देतात, आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच कंपनांवर गुपचूप चाचणीही घेता येते. यांत्रिक भोंग्याला निदान क्षणभर गुरगुरावं लागतंच. पण बोलण्याच्या सोयीला मर्यादा आहे. दोन खांबांवरून तेच वाक्य मागेपुढे कानावर आलं, वर भिंतींचे पडसाद मिसळले, की शब्द विरघळतात. सूर पोचतो, वाक्य पोचत नाही.

आणि सुराचा अर्थ? मिझुरीतल्या जॉप्लिनमध्ये २२ मे २०११ ला भोंगे दोनदा वाजले, टोर्नेडोनं १६१ जण गेले. पुढच्या सरकारी अभ्यासात दिसलं, की अनेकांनी भोंगा ऐकला आणि खात्री करायला थांबले. हवाईत ऑगस्ट २०२३ मध्ये लाहायना जळत असताना भोंगे वाजवलेच नाहीत. तिथे भोंगा म्हणजे त्सुनामी आणि त्सुनामी म्हणजे डोंगराकडे धाव, हे लोकांच्या मनात पक्कं. आग डोंगराच्या बाजूनं येत होती. लोक आगीकडेच धावतील अशी भीती वाटली, असं मावी परगण्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्रमुखांनी सांगितलं आणि लगेच राजीनामा दिला. निर्णय बरोबर की चूक यावर लोक भांडत राहतील. त्या माणसापुढे पडलेला पेच मात्र मला खरा वाटतो: यंत्राकडे एकच स्वर, आणि त्याला गावानं एकच अर्थ चिकटवलेला.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली तेव्हा मी मुंबईत होते. वर-खाली म्हणजे धोका, सलग म्हणजे टळला, हे सगळ्या वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. लेकीचा फोन आला. “तू परत इकडे आलीस की उलटं लक्षात ठेव हं.”

पुढच्या वेळी गेले तेव्हा तिनं फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवली होती, मराठीत, मोठ्या अक्षरांत. ‘आई, सलग भोंगा = गॅरेजच्या जमिनीतल्या तळघरात. चपला घालून. धोका टळल्याचा भोंगा इथे वाजत नाही. रेडिओ ऐक.’

शेवटून दुसऱ्या ओळीवर माझी नजर सारखी जाते. दार उघडायला सांगणारा आवाज आमच्या चाळीत होता.