बांधाने राखलेली गावे

भाईंदर पूर्वेच्या खारी गावाच्या नावातच खार आहे. खार म्हणजे भरतीच्या पाण्यातून बांध घालून सोडवलेली जमीन. साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीलगत पूर्वी अशी भातखाचरे आणि मिठागरे होती. अशा जमिनीवर ‘मूळचा कोण’ हा वाद घालणे मला अवघड वाटते, कारण मुळात तिथे कसायला जमीनच नव्हती. शेतकरी घराण्याचा इतिहास लिहायला बसले की आपण पहिल्यांदा कुळाचे मूळ गाव शोधू लागतो. खारपट्ट्यात मात्र पिढ्यांचा खरा धागा बांधाच्या राखणीत सापडतो. वंशावळीला महत्त्व येते ते पुष्कळ नंतर, शेजारी कोणी नवे येऊन बसले म्हणजे.

याला पहिला आक्षेप महिकावतीच्या बखरीचा. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये छापलेल्या या बखरीत बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात 66 कुळे आल्याचे सांगितले आहे आणि त्यांत कुणब्यांचीही कुळे आहेत. मग इथल्या शेतकऱ्याची वंशावळ शतकांपूर्वीच लिहिली गेली होती, असे कोणी म्हणेल. पण ती लिहिली केव्हा? बखरीतला केशवाचार्यांचा भाग शके 1370 चा, म्हणजे 1448 चा. तेव्हा बिंबांचे राज्य बुडून सुलतानी अंमल बसला होता आणि मालाडच्या नायकोरावाच्या पुढाकाराने कुळे आणि आचार यांची नोंद करण्याची निकड वाटली. बिंबाच्या सनावळीवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न वेगळा. मला स्वतःला ती कच्ची वाटते. पण कुळांची यादी सत्ता बदलल्यावर झाली, एवढे त्यातून निश्चित कळते.

नवे कोणी आल्यावरच नाव आणि कूळ आठवणे हे फक्त साष्टीत घडले असेही नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडच्या सखल भागातले शेतकरी आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसवले गेले. पुढे खंड वाढले, दुष्काळ आले आणि 1717-18 पासून त्यांचे वंशज जहाजे भरून पेनसिल्व्हेनियाकडे निघाले. तिथून ते शेननडोआ खोऱ्यात आणि कॅरोलिनांत पसरले. तिथे झाडांवर कुऱ्हाडीने खूण करून किंवा मक्याचे एक पीक काढून जमिनीवर हक्क सांगण्याची रीत पडली. या लोकांना त्या काळी बहुधा नुसते ‘आयरिश’ म्हणत. ‘स्कॉच-आयरिश’ हे नाव मिरवण्याची गरज भासली ती 1840 नंतरच्या बटाटा-दुष्काळात कॅथलिक आयरिश लोकांची रीघ लागल्यावर. आपल्याकडेही साष्टी-वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्त्यांपासून आपण वेगळे आहोत, हे त्यांना सरकारला दाखवायचे होते. पोर्तुगीज काळापासूनची त्यांची शेती आणि घरे त्या नावाआधीही होतीच.

मग नावाआधी काय होते? होता बांध. खाडीच्या चिखलाचा बांध दर पावसाळ्यानंतर पुन्हा भरावा लागतो. एक खांड पडली की एका भरतीत अख्ख्या पट्ट्याचे भात जाते. बांधातली उघाडी ओहोटीला गोडे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. नव्याने बांधलेल्या खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या चिखलवटीतला, खारटपणा पावसाने धुऊन निघायला वर्षे लागतात; तोवर खारे पाणी सोसणारे रात्यासारखे भात लावायचे. हे एका घराचे काम नव्हे. कोकणात बांध घालून जमीन सोडवणाऱ्याला शिलोत्रीचा मान आणि उत्पन्नातला वाटा मिळे, तो याच कारणाने. 1870 मध्ये भाईंदर, मिरे आणि घोडबंदर या गावांचा 999 वर्षांचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना देण्यात आला, त्यामागेही बांधबंदिस्तीची बोली होती. चिखल वाहिला जमीन कसणाऱ्या कुळांनी आणि कागद झाला पट्टेदाराचा, एवढाच फरक. पुढे कूळकायद्याने खाचरे कसणाऱ्यांच्या नावे होऊ लागली. 1 एप्रिल 1957 हा त्यातला मोठा टप्पा. पण खाचर वाटून देता येते, बांध येत नाही. सामाईक बांध कोणी राखायचा, हा पेच कायदा करणाऱ्यांनाही आधीच दिसला होता, म्हणून तर 1948 मध्ये मुंबई खारभूमी कायदा आला.

अमेरिकेतल्या वसाहतकऱ्यांनी डेलावेअर, शॉनी लोकांची भूमी घेतली, तर इथे पाण्यातून जमीन काढली, म्हणून ही तुलना अन्यायाची, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, पूर्ण नाही. खाजण ओसाड नव्हते. तिवरांत निवट्या, चिंबोऱ्या होत्या आणि त्यांवर पोट भरणारे कोळी होते. बांध पडला की त्यांचे शिवार आक्रसले. फरक आहे तो माणसे हुसकण्याच्या प्रमाणात, आणि तो मोठा आहे.

1985 मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महापालिका. खाचरांवर भराव पडला, इमारती उठल्या आणि ‘भूमिपुत्र’ हा शब्द फलकांवर दिसू लागला; 1887 मध्ये जे घडले तेच पुन्हा, वेगळ्या लिपीत. भरावाखालची जमीन मात्र अजून भरतीचेच वेळापत्रक पाळते. पावसाचा जोर आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही, आणि ओहोटीची वाट पाहावी लागते.